दुचाकीवर थंडीने हात बधिर होतात : कारण शोधण्याचा क्रम आणि उपाय

निफाड तालुक्यातून नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला मी गेली अकरा वर्षे दुचाकीनेच जातो. घर सोडतो तेव्हा पहाटेचे पावणेसहा झालेले असतात. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला जाणारा पारा अनेकदा एक अंकी असतो आणि काही हिवाळ्यांत तो पाच अंशांच्याही खाली उतरला आहे. द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी ज्या हवेत रात्रभर शेकोट्या पेटवतात, त्याच हवेतून आम्हाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जायचे असते. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी हातमोज्यांचे तीन जोड घेतले आणि तिन्हींत बोटे गारठली. त्यानंतर एकेक कारण वेगळे काढून तपासत गेलो. आता पाळीतील सहकारी, गावातील दूध घालणारे आणि भाजी घेऊन पहाटे निघणारे तरुण हीच तक्रार घेऊन येतात, तेव्हा मी आधी एकच सांगतो : नवे हातमोजे घेण्यापूर्वी हात कशामुळे बधिर होतात ते ओळखा. वारा, रक्तपुरवठा आणि गाडीचा कंप ही तीन वेगळी कारणे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

लक्षणे

गाडीने वेग घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच दोन्ही हातांची बोटे वरच्या बाजूने, म्हणजे वारा लागतो त्या बाजूने, दुखू लागत असतील आणि गाडी थांबवल्यावर थोड्याच वेळात बरे वाटत असेल, तर दोष वाऱ्याचा आहे. हातमोज्यांतून वारा शिरत नाही अशी खात्री असूनही अर्ध्या तासाने बोटे हळूहळू गार पडत असतील, सोबत पायही गारठत असतील आणि अंगात हुडहुडी भरत असेल, तर शरीराने हातांचा रक्तपुरवठा आवळून घेतला आहे. तळहाताला मुंग्या येत असतील, त्या ठरावीक वेगालाच येत असतील आणि दुपारच्या उन्हातही येत असतील, तर थंडीला दोष देण्यात अर्थ नाही; तो कंप आहे. फक्त डावा हात कोपरापर्यंत भरून येत असेल, तर क्लचची केबल पाहावी.

दोन लक्षणे या सर्वांहून निराळी आहेत. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एवढेच बधिर होणे व त्यामुळे रात्री झोपेतून जाग येणे, हे एक. बोटाचा काही भाग पांढराफटक पडून त्याची सीमा रेघ ओढल्यासारखी स्पष्ट दिसणे, हे दुसरे. या दोन्हींवर हातमोज्यांचा प्रयोग करत बसू नये. त्यांविषयी शेवटी लिहिले आहे.

बधिरपणा किती झाला की गाडी चालवू नये, याची एक सोपी परीक्षा आहे. त्याच हाताच्या अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावून पाहावे. ते न चाचपडता लागत नसेल, तर तो हात ब्रेक लावण्याच्या स्थितीत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. गारठलेल्या बोटांना लिव्हर ओढायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे थांबायचे अंतर आठ मीटरने वाढते. म्हणूनच मी या तक्रारीकडे केवळ गैरसोय म्हणून पाहत नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी वेगाची आहे आणि तिने बहुतेकांचा एक समज दूर होतो. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी मोजण्याच्या, कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार हवा ८ अंश असताना ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात ती उघड्या चेहऱ्याला साधारण २ अंशांसारखी जाणवते आणि ताशी ४० च्या वाऱ्यात साधारण ३ अंशांसारखी. फरक केवळ एका अंशाचा. वेग कमी केल्याने इतर फायदे होतात, पण हात त्यामुळे उबदार राहत नाहीत, उलट रस्त्यावरचा वेळ वाढतो. वारा अडवणे हाच उपाय आहे. याच गणितातली दुसरी बाजूही लक्षात ठेवावी : वारा कितीही असला तरी बोट हवेपेक्षा अधिक थंड होऊ शकत नाही, म्हणून ५ अंशांत कोरड्या हाताला हिमदंश होत नाही. बधिरपणा मात्र होतो, आणि रोजच्या गारठ्याने बोटांवर लालसर-जांभळी, खाजणारी सूजही येते.

दुसरी तपासणी निघतानाची आहे. हातमोजा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. हातात असलेली ऊब तो फक्त टिकवतो. अंगणात उघड्या हातांनी गाडी पुसून, गार टाकीवर हात ठेवून, किक मारून झाल्यावर हातमोजे घातले तर आत गारठाच कोंडला जातो. म्हणून हातमोजे रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. ते घरात, कोरड्या जागी ठेवावेत, हात कोमट असताना घरातच चढवावेत आणि मगच गाडीला हात लावावा. निघण्यापूर्वी पोटात काहीतरी असावे, कारण उपाशी शरीर ऊब जपून वापरते. बिडी, सिगारेट आणि तंबाखू यांतील निकोटीन बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते. पहाटेचा बार भरून निघणाऱ्यांचे हात सर्वांआधी गारठतात हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. तिने कातडीकडे रक्त येऊन अंगातील उष्णता बाहेर जाते आणि गाडीवर तर ती पूर्णपणे वर्ज्यच आहे.

तिसरी तपासणी छाती, मान आणि मनगटांची. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी हीच कोणी करत नाही. धड गार पडू लागले की शरीर हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांच्याकडची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटांत ऊब निर्माण करणारे स्नायू जवळजवळ नाहीतच, कारण बोटे हलवणारे मुख्य स्नायू तळव्यात आणि कोपराखालच्या भागात असतात. बोटांना मिळणारी सर्व ऊब रक्तातून येते. ते रक्त छातीपाशीच अडवले गेले, तर बाहेरून कितीही जाड लोकर गुंडाळून उपयोग होत नाही. आमच्याकडे दूध घालणारे एक दादा तिसऱ्यांदा हातमोजे घेण्याच्या बेतात होते. मी त्यांचे जर्किन पाहिले, तर त्याची चेन छातीच्या मध्यापर्यंतच लागत होती आणि गळा मोकळा होता. वर्तमानपत्राचे चार पदर सदरा आणि स्वेटर यांच्यामध्ये छातीवर ठेवले, मफलर गळ्याभोवती घेऊन त्याची टोके जर्किनच्या आत खोवली, आणि जुन्याच हातमोज्यांत ते आठवडाभर विनातक्रार फिरले. कागदाच्या पदरांत अडकलेली हवा ऊब धरते आणि कागद वाराही अडवतो. कागद घामाने मऊ झाला की बदलावा.

मनगटाकडे तर स्वतंत्रपणे पाहावे. तेथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात. गाडीवर हात पुढे ताणले की बाही वर सरकते आणि हातमोजा व बाही यांच्यात दोन बोटांची फट पडते, ती उभे असताना दिसत नाही. म्हणून गाडीवर बसून, हँडल धरून, दुसऱ्या कोणाला तरी ती पाहायला सांगावी. जुन्या पायमोज्याचा पावलाकडचा भाग कापून टाकून उरलेला भाग मनगटावर चढवला तरी ही फट बुजते.

वाटेत बोटे गारठलीच, तर गाडी बाजूला लावून संपूर्ण हात खांद्यापासून पंधरा-वीस वेळा जोराने गोल फिरवावा. त्या गतीने रक्त बोटांकडे ढकलले जाते. चांदोरीच्या आसपास गोदावरीलगतच्या सखल भागात मला हे अनेकदा करावे लागते, कारण रात्रीची गार, जड हवा तेथे साचून राहते आणि चढावर आल्यावर गारठा जाणवण्याइतका कमी होतो. बधिर हात सायलेन्सरजवळ किंवा शेकोटीच्या अगदी जवळ धरू नयेत. संवेदना नसलेल्या बोटाला भाजल्याचेही कळत नाही. काखेत हात धरणे किंवा चहाचा पेला रुमालात गुंडाळून दोन्ही तळव्यांत धरणे पुरेसे आहे.

हातमोज्यांची परीक्षा

हातमोजा तोंडाशी धरून जोराने फुंकर मारावी. आतल्या बाजूने हाताला फुंकर लागली, तर ताशी ६० किलोमीटरचा वारा त्यातून सहज आरपार जातो. नुसते लोकरीचे हातमोजे या परीक्षेत नेहमी नापास होतात. लोकर वाईट आहे असे नाही. तिच्या धाग्यांत अडकलेली हवा ऊब धरते, मात्र वारा ती हवाच उडवून नेतो. म्हणून आत पातळ लोकर किंवा फ्लीस आणि वर रेक्झिन, चामडे किंवा वारा न शिरणारे कापड, असे दोन थर हवेत. काहीजण प्लास्टिकची पिशवी किंवा पातळ रबरी हातमोजे आत घालतात. त्याने घाम आतच कोंडतो, आणि प्लास्टिक लोकरीच्या आत असल्याने बाहेरची लोकर वाऱ्याला उघडीच राहते. प्लास्टिक बाहेरून घातले तर वारा अडतो, परंतु लिव्हरवरून बोट निसटते. त्यामुळे हा उपाय मी कोणाला सुचवत नाही.

हातमोजा घट्ट असणे हा दुसरा दोष. एकावर एक दोन जोड कोंबून घातले की रक्त दाबले जाते आणि हवेला जागाच उरत नाही. असे हात एका जोडीपेक्षा लवकर गारठतात. हातमोजा घालून मूठ वळावी. बोटांच्या टोकांशी थोडी जागा उरली पाहिजे आणि बोटांच्या बेचक्यांत कापड ताणले जाता कामा नये. याच स्थितीत इंडिकेटरचे बटण आणि हॉर्न चाचपून पाहावेत. ते सापडत नसतील, तर हातमोजा कितीही उबदार असला तरी गाडीसाठी अयोग्य आहे. धुक्याच्या दिवशी कापडी हातमोजे ओलसर होतात आणि ओला हातमोजा ऊब झपाट्याने घालवतो. सुती हातमोजे तर घामानेही ओले होतात व लवकर वाळत नाहीत. कामाच्या जागी पोहोचल्यावर ते उलटे करून वाळत घालावेत.

हँडलवर वारा अडवणे

इथवर फरक पडला नसेल, तर हँडल कव्हर घ्यावे. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला दोन-तीनशे रुपयांना मिळणारे हे पिशवीसारखे कव्हर माझ्या अनुभवात पैशांच्या मानाने सर्वांत जास्त काम करते, कारण ते हातासोबत लिव्हरही झाकते. गार धातूची लिव्हर हातमोज्यातून सतत ऊब ओढत असते, ही गोष्ट फार कमी जणांच्या ध्यानात येते.

परंतु कव्हर बसवल्यावर पुढील गोष्टी तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. इंजिन बंद असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण फिरवून सोडावा; तो स्वतःहून झटकन मागे आला पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हीच तपासणी पुन्हा करावी. मग कोणाला तरी मागे उभे करून ब्रेकचा दिवा विझलेला आहे याची खात्री करावी, कारण घट्ट बांधलेले कव्हर पुढच्या ब्रेकची लिव्हर किंचित दाबून ठेवते, दिवा सतत जळत राहतो आणि ब्रेक घासत राहतो. मागच्या वाहनाला तुम्ही ब्रेक लावल्याचे कळतच नाही. शेवटी, हात डोळे मिटून पाच-सहा वेळा आत घालून बाहेर काढावा. तो अडकत असेल, तर कव्हरचे तोंड मोठे करून घ्यावे. गाडी घसरली तर हात आत गुंतून राहता कामा नये. कव्हर बसत नाही म्हणून आरसे काढून ठेवणारे मी पाहिले आहेत. तसे कदापि करू नये.

हात पिशवीत घालणे ज्यांना नको वाटते त्यांनी हँडलच्या पुढे हँड गार्ड बसवावेत. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचे प्लास्टिक कापून केलेले गार्डही वारा बाजूला वळवतात, मात्र कडा घासून बोथट कराव्यात आणि ते कोणत्याही वळणावर लिव्हरला किंवा केबलला टेकणार नाहीत हे पाहावे.

गाडीतील दोष

कंपाने बधिर झालेला हात आणि थंडीने बधिर झालेला हात एकमेकांना वाढवतात. कंपामुळे रक्तवाहिन्या आवळतात, गारठ्यामुळे माणूस मूठ अधिक घट्ट धरतो, आणि घट्ट मुठीत कंप अधिक पोहोचतो. म्हणून प्रथम पकड सैल करण्याचा सराव करावा. लिव्हर फार वर किंवा फार खाली असेल तर मनगट वाकून राहते. बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा येईल, अशी ती फिरवून घ्यावी. क्लचची केबल कोरडी पडली असेल तर तेल द्यावे, धागे तुटलेले दिसले तर बदलावी. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते. ग्रिपचे रबर दगडासारखे कडक झाले असेल तर नवे घालावे. तो खर्च किरकोळ आहे. हँडलच्या टोकांची वजने गळून पडली आहेत का, तेही पाहावे, कारण ती कंप शोषण्यासाठीच असतात.

एवढे करूनही हँडल थरथरत असेल, तर इंजिनचे माउंटिंग बोल्ट, चाकाचे बेअरिंग किंवा कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) यांत दोष असू शकतो. येथे घरगुती दुरुस्ती थांबवावी. कोनसेट चुकीचा आवळला तर हँडल अडकते किंवा डगमगते, आणि हे काम अनुभवी मेकॅनिकचेच आहे.

गरम होणाऱ्या ग्रिप

हा सर्वांत महागडा आणि अवघड उपाय मी शेवटी ठेवतो, कारण त्यात गाडीच्या विद्युत यंत्रणेला हात लावावा लागतो. अशा ग्रिपची जोडी साधारण ३० ते ५० वॅट वीज घेते. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांवर हेडलाइटच साधारण ३५ वॅटचा असतो, आणि एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींवर तो दिवसाही सतत जळतो. उरलेली वीज पुरेल की नाही, हे आधी मोजावे. इंजिन चालू असताना, दिवे लावून, बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे यंत्र) धरावा आणि इंजिन मध्यम गतीला नेऊन पाहावे. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसत असतील तर चार्जिंग ठीक आहे. ग्रिप लावल्यावर हा आकडा १३ च्या खाली उतरत असेल, तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत आहे आणि आठवडाभरात गाडी सेल्फवर सुरू होणार नाही. अशा लहान गाडीवर ग्रिपचा नाद सोडून हँडल कव्हरच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवायच्याच असतील, तर जोडणी फ्यूज आणि रिलेमार्फत, चावी बंद केल्यावर वीज तुटेल अशी असावी, आणि हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग कापण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे. उजव्या ग्रिपची वायर अ‍ॅक्सिलरेटरबरोबर फिरते, म्हणून तिला पुरेशी ढील हवी; ती ताणली गेली तर अ‍ॅक्सिलरेटर मागे येत नाही. डावी ग्रिप कमी तापते ही तक्रार मात्र बहुधा दोषाची नसते. उजवीकडे ग्रिपखाली प्लास्टिकची नळी असते, डावीकडे ग्रिप थेट लोखंडी हँडलवर बसते आणि तिची ऊब हँडल ओढून घेते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

अंग थरथरणे एकाएकी थांबले, बोलणे अडखळू लागले किंवा गुंगी आली, तर ती हातांची समस्या राहिलेली नाही. गाडी तेथेच लावावी, वाऱ्यापासून आडोसा घ्यावा आणि मदत बोलवावी. डावा हात जड होऊन छातीत दाब किंवा घाम जाणवत असेल, तर थंडीचे निमित्त शोधत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वर म्हटलेली दोन निराळी लक्षणे येथे येतात. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतचा आणि रात्री जागवणारा बधिरपणा मनगटात शीर दाबली गेल्याचा असू शकतो, आणि तो वर्षानुवर्षे अंगावर काढला तर अंगठ्याची ताकद कमी होते. पांढरी, मग निळसर, मग लाल होणारी बोटे हा रक्तवाहिन्यांचा विकार असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांनी तर साध्या बधिरपणाबद्दलही विचारावे, कारण त्यांच्या बोटांवरची जखम किंवा भाजल्याची खूण त्यांना उशिरा कळते. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, ज्यांनी दिली त्यांनाच हे सांगावे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोटांचा रंग बहुधा पूर्ववत झालेला असतो, म्हणून गाडी थांबवल्याबरोबर, बोटे पांढरी असतानाच, दोन्ही हातांचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे आणि डॉक्टरांना तेच दाखवावे.